किलाव्हाराची राखण

मुर्टी फाहीला फोटो काढायला ऊन लागायचं, पण डोक्यावरचं ऊन त्याच्या कामाचं नव्हतं. त्याला हवं असायचं ऐन थंडीतलं, जमिनीला घासून येणारं ऊन. आमच्याकडे ते सकाळी जरासं पडतं आणि लगेच ढगाआड जातं. तेवढ्या वेळात सपाट कुरणावर जुन्या भिंतींचे वळ उठतात. उन्हाळ्यात ज्या गवतावरून आपण दहादा गेलेलो असतो, त्याच्याखाली खोल्या आहेत, अंगण आहे, दाराची जागा आहे, हे एकदम दिसतं आणि ऊन वर चढलं की पुन्हा बुजून जातं. मुर्टी म्हणायचा, जमिनीकडे सरळ बघितलं तर ती काही सांगत नाही, तिरकं बघावं लागतं.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहते, रस्ता ओलांडला की त्यांचं फाटक. मुर्टीची बायको डीलिया आणि मी रोज एकमेकींच्या स्वयंपाकघरात असतो, त्यामुळे मुर्टीचं सगळं मला माहीत, आणि जे माहीत नव्हतं तेही डीलियाने सांगितलं.

तो डेअरीचा टँकर चालवायचा. गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करायचं काम. आमच्या भागात असा एक बोळ नव्हता की ज्यातून त्याचा टँकर गेला नाही, आणि असं एक पडकं चर्च किंवा बुरूज नव्हता की जो त्याने टँकरच्या उंच सीटवरून कुंपणापलीकडे पाहिला नाही. इथे पडकी वास्तू म्हणजे कुणाच्या तरी शेतातच असते. आधी शेतकऱ्याला विचारायचं, वळू मोकळा आहे का ते विचारायचं, मग आत जायचं. मुर्टीला कुणी नाही म्हणत नसे. माणूस कमी बोलायचा, फाटक उघडलं तसं पुन्हा लावायचा, आणि नंतर फोटोची एक प्रत आणून द्यायचा. त्यामुळे इथल्या किती तरी घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर आपल्याच शेतातला बुरूज टांगलेला आहे.

डीलियाची तक्रार ठरलेली असायची. म्हणायची, "माझ्या नवऱ्याला छप्पर असलेली कुठलीच गोष्ट आवडत नाही." हे म्हणताना तिचं बोट मागच्या मोरीच्या छताकडे असायचं, जे दर पावसात गळायचं आणि ज्याच्याखाली एक निळी बादली कायमची मुक्कामाला होती. एकदा मुर्टीने कपाटाच्या दारावरचा आरसा स्क्रू काढून नेला. चर्चच्या खिडक्यांच्या वरच्या कमानीत कोरलेले चेहरे असतात, तिथे ऊन पोचत नाही. तो आरशाने ऊन पकडायचा आणि त्या चेहऱ्यांवर फेकायचा. आठशे वर्षं अंधारात बसलेली बाई एकदम उजळायची, नाक झिजलेलं, तोंड उघडं. आरसा परत आला तो एका कोपऱ्याला तडा घेऊन. तेव्हापासून डीलिया चर्चमध्ये मिस्सेला जाताना माझ्याकडे येऊन टोपी नीट करते.

खिशात तो सोड्याच्या पावाचा तुकडा ठेवायचा. पडक्या भिंतींजवळ कुठे कुठे असं गवत असतं की त्याच्यावर पाय पडला की माणसाला भूक लागते, साधी नाही, गुडघे मोडून खाली बसवणारी. पावाचा घास तोंडात टाकला की सुटका. डीलिया म्हणायची की त्याला ती भूक आमच्या फाटकाबाहेर पडल्या पडल्याच लागते, कारण पाव बुरुजापर्यंत कधी पोचलेलाच नाही.

त्याचे फोटो बुटांच्या खोक्यांत असायचे. मी ते पुष्कळदा पाहिले आहेत, आणि खरं सांगायचं तर एकटी असताना पाहायला मला आवडायचं नाही. त्यात माणूस कधीच नसायचा, पण नुकताच कुणी तरी उठून गेल्यासारखं वाटायचं. एक फोटो गॅननच्या शेतातल्या बुरुजाचा. खालच्या मजल्यावर गॅनन हिवाळ्यात वासरं ठेवतो. दगडी कमान, खाली पेंढा, आणि सगळी वासरं भिंतींना अंग लावून दाटीने उभी. मधली जागा मोकळी. पेंढा तिथेही होता, कोरडा, जाड. बाहेर पाऊस कोसळत असला तरी ती तशीच उभी राहतात, असं मुर्टीने सांगितलं. त्याने गॅननला विचारलं तर गॅनन म्हणाला, "ती जागा त्यांची नाही ना," आणि दुसऱ्याच विषयाला लागला.

एवढे फोटो, पण किलाव्हाराचा एकही नाही. किलाव्हारा आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. छप्पर उडालेलं जुनं चर्च, पूर्वेची उंच भिंत तेवढी शाबूत, तिच्यावर आयव्हीची वेल, आणि भोवती दफनभूमी. फाटकाच्या आत डाव्या हाताला एक विहीर आहे, दगडी पायऱ्यांची, उथळ. मुर्टीच्या आईला तिथेच पुरलेलं आहे. मी एकदा त्याला विचारलं की लांबलांबचे बुरूज गाठतोस, हे दाराशी असलेलं राहिलं कसं. तो म्हणाला, तिथे ऊन नीट पडत नाही. डीलियाने माझ्याकडे पाहिलं आणि किटली उगाचच पुन्हा चुलीवर ठेवली.

तो टँकर घेऊन गेल्यावर तिने सांगितलं.

आमच्याकडे मानतात की दफनभूमीत जो शेवटी येतो त्याच्याकडे राखण येते. फाटकाशी त्याने थांबायचं. आणि त्याच्या आधी आलेल्यांना पाणी नेऊन द्यायचं, कारण तिकडे तहान फार लागते. पुढचं माणूस आलं की त्याच्या हातात राखण देऊन आपण मोकळं व्हायचं. एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा असल्या की पूर्वी लोक शवपेटी खांद्यावर घेऊन धावत सुटायचे, एकदा तर कुणी कुंपणावरून पेटी आत टाकली होती. आपलं माणूस आधी आत गेलं पाहिजे, मागून आलेला राखेल.

मुर्टीची आई साबीना गेली तेव्हा तो नुकता गाडी चालवायला लागलेला पोरगा होता. त्याच दिवशी ग्लिनांच्या घरच्या म्हाताऱ्याचीही अंत्ययात्रा होती. दोन्ही घरांना एकमेकांचं माहीत होतं, पण धावण्याचे दिवस गेले होते, गाड्या आल्या होत्या. मुर्टी पहिल्या गाडीत, शववाहिका मागे. किलाव्हाराकडे जाणारा बोळ एकाच गाडीचा. त्याच्या तोंडाशी ग्लिनांच्या गाड्या समोरून आल्या.

आता आमच्याकडे समोरून गाडी आली की काय करतात? आपण बाजूला होतो, कुंपणाला चाक टेकवतो, स्टिअरिंगवरचं एक बोट वर करतो. म्हणजे या, तुम्ही आधी. इथलं मूल चालायच्या आधी हे शिकतं. जो बाजूला होत नाही त्याच्या घरात लोक मुलगी देत नाहीत. मुर्टी रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी गाडी चालवत होता, समोर गाड्या दिसल्या, त्याने गाडी कुंपणाला लावली आणि बोट वर केलं.

ग्लिनांची शववाहिका बोळात शिरली. मागच्या प्रत्येक गाडीतल्या माणसाने जाताना बोट वर करून मुर्टीचे आभार मानले. शेवटची गाडी गेली तेव्हा मागच्या सीटवरची त्याची आत्या एवढंच म्हणाली, "मुर्टी बाळा, तू आईला मागे ठेवलंस रे."

कुणी त्याला बोललं नाही. उलट, आईचं वळण आहे पोराला, असंच म्हणाले. आणि काय मोठं झालं होतं, आज ना उद्या पुढचं कुणी तरी जाणारच होतं. पण त्याच शरद ऋतूत मोठ्या रस्त्यालगत नवी दफनभूमी उघडली. तिथे नळ आहे, गाड्या लावायला डांबरी जागा आहे, पाय चिखलात जात नाहीत. पहिल्यांदा एक घर तिकडे गेलं, मग दुसरं. सांगायला कारण चिखलाचं. मनातली गोष्ट वेगळी होती आणि ती सगळ्यांच्याच मनात होती. आता किलाव्हाराला जो जाईल, त्याच्यामागून कोण येणार? आपलं माणूस तिथे कायमचं अडकवायची कुणाची तयारी नव्हती. साबीना फाही किलाव्हारात शेवटची राहिली, आणि राहिलीच.

डीलिया हे सांगत होती तेव्हा बटाटे सोलत होती. सासूला तिने कधी पाहिलं नव्हतं, ती या घरात पुष्कळ नंतर आली. म्हणाली, "हे सगळं थोतांड आहे, बर्नी. पण त्याला तसं सांगून बघ."

मुर्टीचं हृदय थकलं तसा डेअरीने त्याला घरी बसवलं. डॉक्टरांनी जिने चढू नको म्हणून सांगितलं, म्हणजे बुरूज संपले. दोन मुलूख पलीकडे गाडी नेणंही डीलियाने बंद केलं. त्या थंडीत एका स्वच्छ सकाळी तो कॅमेरा घेऊन बाहेर पडला आणि चालत गेला, तेव्हाच तिला कळलं कुठे गेला ते. आत तो गेला नाही. बाजूचं ग्लिनांचं शेत उंचावर आहे, तिथून कुंपणावरून त्याने फोटो घेतला.

फोटोत किलाव्हारा होतं तसंच होतं, कललेले दगड, आयव्ही, चटके देणाऱ्या नेटलचे वाळलेले देठ. पण तिरक्या उन्हात गवतावर एक वाट दिसत होती. विहिरीपासून निघालेली, बारीक, एका माणसाच्या रुंदीची. ती पहिल्या रांगेतल्या कबरींपाशी जायची, तिथून दुसऱ्या, अशी प्रत्येक दगडाशी क्षणभर थांबल्यासारखी वळत वळत पार मागच्या भिंतीपर्यंत पोचायची आणि तिथून परत विहिरीकडे. वर्षानुवर्षं कुणी आत पाऊल टाकत नव्हतं. फाटकाच्या कडीला गंज चढून ती बोटाएवढी जाड झाली होती.

मुर्टीने फोटो टेबलावर ठेवला. डीलियाने चष्मा लावला, पाहिला आणि म्हणाली, कोल्हा. कोल्हे अशाच वाटा पाडतात. मीही म्हटलं, कोल्हाच. मुर्टी हो म्हणाला. फोटो त्याने खोक्यात मात्र ठेवला नाही.

पुढच्या थंडीत त्याने त्याच जागेवरून पुन्हा फोटो घेतला. दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी लावले तेव्हा मी तिथे होते. नव्या फोटोत वाट होती, पण ती मागच्या भिंतीपर्यंत जात नव्हती. निम्म्यात थांबून परत फिरली होती. पुढचं गवत अखंड, कुणी न तुडवलेलं.

"कोल्हा म्हातारा झाला असेल," डीलिया म्हणाली. आवाज नेहमीचा होता, पण बोलून झाल्यावर तिने दोन्ही फोटो उपडे ठेवले.

मुर्टी म्हणाला, "दमलीय ती."

त्यानंतर थोड्याच दिवसांत जेवताना त्याने तिला सांगितलं की मला आईपाशी ठेव. आता यात काय होतं ते कळायला एक गोष्ट सांगितली पाहिजे. नव्या दफनभूमीत डीलियाने दोघांची मिळून जागा घेऊन ठेवली होती, कुंपणाच्या बाजूची, वाऱ्याला आडोसा असलेली. दगडही निवडला होता. त्यांना मूलबाळ झालं नाही. दोघांनी आजवरचं आयुष्य एका खोलीत काढलं तसं पुढचंही काढायचं, एवढीच तिची अपेक्षा होती, आणि ती तिने कधी बोलूनही दाखवली नव्हती, कारण त्यात बोलण्यासारखं काय आहे असं तिला वाटायचं.

तिने हातातला काटा खाली ठेवला आणि विचारलं, "आणि तुला कोण सोडवणार?"

तो कोबी चिवडत राहिला.

मग त्या घरात अबोला आला. तसं दोघंही बोलायची, पण डीलिया चहाचा कप त्याच्या हातात न देता टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवायची. माझ्याकडे येऊन तावातावाने बोलायची. म्हणायची, घरात याने कोळशाची बादली कधी आत आणली नाही, आणि मेल्यावर सगळ्या मुलखाला पाणी पाजायला निघालाय. म्हणायची, मला काय, मी त्या नव्या जागेत ऐसपैस झोपेन, दोघांची जागा एकटीला.

शेवटी ती फादर टायर्नींकडे गेली. मला सोबत नेलं. फादरनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले की चर्चच्या शिकवणीत असलं काही नाही, मेलेल्यांची तहान वगैरे जुन्या बायकांच्या गोष्टी आहेत, मुर्टीसाठी आपण मिस्सा अर्पण करू. डीलियाने विचारलं, "मग फादर, तुम्हीच का नाही किलाव्हाराला येत? जागा भरपूर आहे, पवित्र जमीन आहे." फादर थोडे हसले, शर्टाची बाही ओढून नीट केली आणि म्हणाले की आपली सगळी माणसं मेयो परगण्यात पुरलेली आहेत, तिकडे जावं लागेल. बाहेर आल्यावर डीलिया म्हणाली, झालं, कळलं मला.

मग कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी ती माझ्या दारात आली, कोट घालून, हातात फ्लास्क. म्हणाली, "चल. कोल्ह्याची बिळं दाखवते तुला, आणि घरी येऊन त्यालाही दाखवते."

किलाव्हाराचं फाटक उघडायला आम्हा दोघींना जोर लावावा लागला. आत सगळं पांढरं होतं. दव गवतावर जसंच्या तसं गोठलेलं, प्रत्येक पात्याला वेगळं. वारा नव्हता. भिंतीवरच्या डोमकावळ्यांनी आम्हाला पाहिलं आणि एकही उडाला नाही, ओरडला नाही. आमची पावलं मोडल्यासारखी वाजत होती. डीलिया विहिरीपाशी गेली, पायऱ्यांवर वाकली. विहिरीचं पाणी गोठलं नव्हतं. वरच्या पायरीवर ओल होती, सांडल्यासारखी.

आणि तिथून वाट निघत होती. फोटोत मी ती पाहिली होती, पण पायांखाली पाहणं वेगळं. सगळीकडे पांढरं आणि तेवढी पट्टी काळीहिरवी, ओली. तिच्यावर ठसे नव्हते, ना कोल्ह्याचे ना कुणाचे. आम्ही तिच्या बाजूने चालत गेलो. तिच्यावरून चालावं असं दोघींपैकी कुणालाच वाटलं नाही. प्रत्येक कबरीशी वाट जरा रुंद व्हायची. तिथे गोठलेल्या गवतात एक गोल असायचा, वितळलेला, बादली खाली ठेवावी एवढा.

पहिल्या रांगा झाल्या. मग गोल जवळजवळ यायला लागले, एका कबरीवरून दुसरीकडे जाताना मध्येच एक, त्यापुढे चार पावलांवर आणखी एक. बादली जड झाली की माणूस वाटेत टेकवतो तसे. शेवटचा गोल एका कबरीच्या अलीकडेच होता, तिथपर्यंत पोचलाच नव्हता. त्याच्यापुढे मागच्या भिंतीपर्यंत सगळं कोरं, पांढरं. तिकडे जुने दगड होते, नावं पुसलेले, आणि काही तर दगडही नाहीत, नुसते उंचवटे.

मी म्हटलं, झरा असेल जमिनीखाली, कोमट पाण्याचा. डीलियाने ऐकलं की नाही कोण जाणे. ती त्या शेवटच्या गोलाशी उभी होती आणि कोऱ्या गवताकडे बघत होती, आपल्या घरात काम अर्धवट पडलेलं असलं की बघते तशी. मग तिने फ्लास्कमधला चहा झाडाच्या मुळाशी ओतून टाकला, विहिरीवर गेली, फ्लास्क भरला आणि परत आली. मागच्या भिंतीपर्यंतच्या प्रत्येक उंचवट्यावर तिने थोडं थोडं पाणी घातलं. दोनदा भरून आणावा लागला. मी मदत करू का विचारलं तर नको म्हणाली. करताना पुटपुटत होती, पण प्रार्थना नव्हती ती, कुरकुर होती. गुडघ्यांबद्दल, बुटांबद्दल, मुर्टीबद्दल.

परत येताना बोळात ती म्हणाली, "एखादी बाई पाणी वाहताना दिसली की आपण हात खिशात घालून कसं उभं राहायचं, सांग."

मुर्टी चुलीपाशी बसला होता. डीलियाने कोट काढला नाही, तशीच त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "जा तू आईकडे. तिला सोडव. माझी हरकत नाही."

तो उठायला लागला, पण तिने खांद्यावर हात ठेवून त्याला परत खाली बसवलं.

"पण त्या रस्त्यावरच्या जागेत मी एकटी झोपणार नाही. तुझ्या शेजारी मला ठेवायला सांगून ठेवते. मी आले की तू सुटशील."

"मग तू शेवटची राहशील, डीलिया," मुर्टी म्हणाला. "तुझ्यामागे कुणी येणार नाही तिथे."

"या घरात रोज शेवटी कोण झोपतं?" ती म्हणाली. "चूल कोण विझवतं, मांजर कोण बाहेर काढतं, मागचं दार कोण लावतं? तू घोरत असतोस तेव्हा. मला काही नवीन नाही ते."

मी निघाले. मुर्टी रडत होता आणि ते माझ्यासमोर होऊ नये असं मला वाटलं. दार ओढून घेताना डीलिया त्याला म्हणत होती की उगाच चुलीत नाक गाळू नकोस.

मुर्टी वसंतात गेला. खुर्चीत, कॅमेऱ्याची काच पुसता पुसता. किलाव्हाराला नेणार म्हटल्यावर मुलखातून माणसं आली, इतकी की बोळात गाड्या मावेनात. गॅनन आला, ग्लिनांची तिसरी पिढी आली. सगळे हळहळत होते, पण चेहऱ्यावर एक सुटल्याची कळा होती, कुणी तरी एकदाचं गेलं त्याची. फादर टायर्नींनी शेवटची प्रार्थना केली आणि ती संपताच सगळे फाटकाकडे वळले. कुणी धावलं नाही, पण मागे राहायचंही कुणाला नव्हतं. खांद्याला खांदे लागले, फाटकाशी जरा गर्दीच झाली, फादरसुद्धा तिच्यात होते. डीलिया एकटी मागे, काही घाई नसल्यासारखी. सगळे बाहेर पडल्यावर ती सावकाश आली आणि फाटक लावलं.

उन्हाळाभर तिने त्याचं नाव काढलं ते बहुतेक तक्रारीसाठीच. मोरीचं छत मी एक माणूस बोलावून दुरुस्त करून घ्यायला लावलं. नवी जागा तिने विकून टाकली.

मग पुन्हा थंडी आली, पुन्हा दव गोठलं, आणि एका सकाळी ती दारात आली. या वेळी फ्लास्क नव्हता. आम्ही किलाव्हाराला गेलो. फाटक सहज उघडलं.

वाट होती. विहिरीपासून निघालेली, लांब ढांगांची, सरळ. कबरीशी रुंद व्हायची, गोल उमटलेला, मग पुढे. कुठेही मध्ये बादली टेकवलेली नव्हती. मागच्या भिंतीपर्यंत वाट गेली होती, एकूणएक उंचवट्याशी, आणि तिथून वळून परत. साबीनाच्या कबरीशीही गेली होती, तिथला गोल सगळ्यांत मोठा. डीलिया चालत चालत सगळं तपासत होती, कोपरे झाडलेत की नाही बघावं तसं. एकदा समाधानाने नाकातून आवाज काढला. म्हणाली, घरी नाही जमलं त्याला.

मग आम्ही मुर्टीच्या कबरीपाशी आलो. वाट तिथे येऊन संपत नव्हती. दगडाला वळसा घालून ती शेजारच्या गवतावर गेली होती. तिथे कबर नव्हती, उंचवटा नव्हता, काहीच नव्हतं. ती डीलियाची जागा होती. कोऱ्या पांढऱ्या गवतात एक गोल होता, नुकता वितळलेला, त्यातून वाफेची एक बारीक रेघ निघत होती.

मला वाटलं ती घाबरेल. मी तिचा हात धरला. तिने तो गोल नीट पाहून घेतला. ती वाकली नाही, क्रूसाची खूणही केली नाही. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "थांब जरा, मुर्टी. मला अजून तहान लागली नाही."

भिंतीवरचे डोमकावळे एकदम उडाले. आम्ही फाटकाकडे निघालो. फाटकाशी आल्यावर मी तिच्यासाठी बाजूला झाले, आमच्याकडे होतात तशी. तिने मान हलवली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आधी मला बाहेर ढकललं.